नांगराआधीचं ताट

वहिनी : भाऊजी, आधी तुमच्या डोक्यातलं ते चित्र पुसा. मी काही कातडं गुंडाळून, भाला घेऊन डोंबिवली स्टेशनवर उभी राहणार नाहीये. पॅलिओ म्हणजे माझ्या लेखी एवढंच : गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी बंद, डाळी, कडधान्यं, शेंगदाणे बंद, दूध-दही-ताक बंद, साखर, गूळ आणि डब्यातलं रिफाइंड तेल बंद. मासे, अंडी, मटण, भाज्या, सुरण, रताळं, नारळ, फळं, बदाम-अक्रोड चालू. हौस म्हणून नाही सुरू केलं हे. तुमच्या दादांचा साखरेचा रिपोर्ट आला तेव्हा मी आपल्या घरातलं एका दिवसाचं खाणं कागदावर लिहून काढलं. सकाळी चहा-बिस्किट, मग पोहे. दुपारी पोळी, आमटी-भात आणि भाजी कसली, तर बटाट्याची. चार वाजता पुन्हा चहा आणि खारी. रात्री पुन्हा पोळी आणि भात. पिठाबरोबर पीठ आणि तोंडी लावायलाही पीठच! आयसीएमआरच्या देशभरच्या पाहणीत आपल्याकडे शंभरातल्या 62 कॅलरी कर्बोदकांतून येतात असं निघालं, आणि त्याच पाहणीत मधुमेहींचा आकडा 10 कोटींच्या वर गेला. बरं, दादा लठ्ठ आहेत म्हणावं तर तेही नाहीत. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 2004 साली स्वतःचा आणि जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टरांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय 22.3. पण चरबी मोजली तर त्या इंग्रजाची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. वरून सडसडीत, आतून चरबी. ते आपलंच घर आहे. मग ताटातलं पीठ काढलं तर माझं काय चुकलं?

भाऊजी : निदानाबद्दल माझं भांडण नाही, वहिनी. औषधाच्या चिठ्ठीवर जी सही आहे तिच्याशी आहे. 'आपले पूर्वज असं खात होते', ही ती सही. मुळात ही कल्पना पूर्वजांइतकी जुनी नाही. 1975 साली वॉल्टर व्होग्टलिन नावाच्या अमेरिकी पोटविकारतज्ज्ञाने अश्मयुगीन आहारावर पुस्तक काढलं. 1985 मध्ये बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर यांचा लेख न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला, तेव्हा डॉक्टरमंडळींनी कान टवकारले. 2002 मध्ये लॉरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकाने ती घरोघर नेली. युक्तिवाद असा की माणूस लाखो वर्षं शिकारीवर आणि कंदमुळांवर वाढला, शेती आली जेमतेम दहा हजार वर्षांपूर्वी, आणि एवढ्याशा काळात शरीर बदलत नाही. ऐकायला चोख. पण पूर्वज नक्की कोणते? उत्तर ध्रुवाकडचे इन्युइट, सील आणि मासे खाणारे? की टांझानियातले हाडझा, जे शिकार करतात पण कंद, बोरं, गोरखचिंचेची फळं आणि भरपूर मध यांवरही राहतात? आणि धान्य नांगराबरोबर आलं असं तुम्ही धरून चालता, तेही खरं नाही. इस्राएलमध्ये गालील सरोवराच्या काठी ओहालो नावाची जागा आहे. तिथल्या लोकांनी साधारण 23 हजार वर्षांपूर्वी रानटी जव आणि गहू गोळा केले, दगडावर वाटले. त्या दगडावर पिठूळ कण सापडलेत. जॉर्डनमध्ये 14 हजार वर्षांपूर्वीच्या चुलीत भाकरीचे जळके तुकडे मिळाले. शेती सुरू व्हायच्या कितीतरी आधीची भाकरी! आणि शरीर बदलत नाही म्हणता, तर मोठेपणीही दूध पचवणारी माणसं कुठून आली? ती गुरं पाळायला लागल्यानंतर, याच दहा हजार वर्षांत तयार झाली. पिष्ट पचवणाऱ्या लाळेतल्या द्रव्याचं जे जनुक, त्याच्या प्रतीसुद्धा पिष्टमय खाणाऱ्या समाजांत सरासरीने जास्त निघतात. सहीच खोटी निघाली की चिठ्ठी संशयाची होते.

वहिनी : पुस्तकं तुम्ही वाचता तशी मीही चाळली आहेत. शेती आली तेव्हा जगात पुष्कळ ठिकाणी माणसांची उंची घटली आणि दात किडायला लागले, हे सांगाड्यांवरून दिसतं. ते तुम्ही सोयीने गाळलंत. आणि लांब कशाला जायचं? आपल्या राजापुराच्या सड्यावर जाऊन या. बारसूची, कशेळीची कातळशिल्पं बघा. हत्ती, गेंडा, वाघ, मासे, शार्कसुद्धा. नांगर दिसतो कुठे? पेरणी, मळणी दिसते?

पण खरं सांगू का, मला आदिमानव पटला तो हाडांमुळे नाही. ऋषिपंचमीमुळे पटला. भाद्रपदात त्या एका दिवशी आपल्या आज्या बैलाच्या कष्टाचं काही खायच्या नाहीत. नांगरलेल्या जमिनीतलं धान्य नाही, परसात हाताने लावलेलं तेवढं चालायचं. अळू, सुरण, पडवळ, दोडका, भेंडी, अंबाडी, सगळं एका पातेल्यात, तेल-मसाल्याशिवाय. म्हणजे नांगराआधी काहीतरी जेवण होतं याची आठवण आपल्या स्वयंपाकघराने ठेवलीच होती. आणि त्या दिवशी आणखी काय होतं ते पुरुषांच्या लक्षात येत नाही. त्या दिवशी कणीक मळायची नसते. धान्य म्हणजे काय ते तुम्हाला ताटात पडल्यावर दिसतं. निवडायचं, दळून आणायचं, मळायचं, लाटायचं, भाजायचं, आणि सगळे जेवायला बसले की गरम पोळी वाढण्यासाठी एकीने उभं राहायचं. तुम्ही आयत्या पिठावर रेघोट्या ओढता. माझ्या घरात पॅलिओ आल्यापासून पोळपाट फडताळात गेलाय आणि मी सगळ्यांबरोबर जेवायला बसते. बांगड्याचं तिखलं, सुरणाचे काप, कोबीची भाजी. सगळं एकदम टेबलावर ठेवायचं आणि बसायचं.

भाऊजी : उभं राहण्याचा मुद्दा मला खोडता येत नाही, तो राहू दे. कातळशिल्पांचं मात्र बघा. ती कोरली कधी यावरच अभ्यासकांचं एकमत नाही. आणि कोरणारा माणूस हत्ती कोरतो, करांदे कोरत बसत नाही. तीच गत पुराव्याची. हाडं टिकतात, दगडाची पाती टिकतात. कंद कुजतात, पाला कुजतो. म्हणून अश्मयुग म्हटलं की आपल्याला भाला दिसतो आणि उकरणीची काठी दिसत नाही. काठी बहुधा बाईच्या हातात होती, हेही त्यातच आलं.

आता ऋषीची भाजी. तुमच्या-माझ्या पातेल्यात आज मक्याचं कणीस पडतं, लाल भोपळा पडतो. दोन्ही अमेरिकेतले. पोर्तुगीज यायच्या आधी इथे नव्हते. तुमच्या यादीतलं रताळं तिकडचंच. तिखल्यातली मिरचीही. कोबी, फ्लॉवर आणि तुम्ही हल्ली आणता ती ब्रोकोली, तिन्ही एकाच रानटी झाडापासून माणसाने निवडून निवडून घडवलेल्या. रानबदाम कडू असतो, त्यात विष असतं. गोड बदाम हे बागाईतदाराचं काम. नांगर काढून टाकलात तरी शेतकरी ताटात बसलेलाच आहे.

आणि रानातलं खाणं म्हणजे कमी कष्ट, हा समज कर्जत-मुरबाडकडच्या कातकरी-ठाकर बायकांसमोर बोलू नका. कडू कंद मिळाला की त्याच्या पातळ चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या, मग टोपलीत भरून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवायच्या, तेव्हा कुठे कडवटपणा उतरतो. पावसाच्या तोंडावर शेवळं येतात, ती काकडांबरोबर शिजवली नाहीत तर घसा खाजून जीव नकोसा होतो. नांगराआधीच्या जेवणालाही कुणीतरी उभं राहतच होतं. तुमचे कष्ट कमी झाले ते पॅलिओमुळे नाहीत, मासळीवालीने बांगडा साफ करून दिला म्हणून. शिवाय बदामाच्या पिठाच्या पोळ्या कोण करत होतं हो?

वहिनी : त्या केल्या, कबूल. धाकटीच्या डब्यासाठी. बदामाच्या पिठाला चिकटपणा नाही. लाटायला घेतलं की कडा चिरतात, म्हणून प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये थापायची. तव्यावर टाकताना मधोमध मोडते, म्हणून त्यात इसबगोल घालायचं. इसबगोल घातलं की ती ओल्या पुठ्ठ्यासारखी होते, आणि एवढं करून डब्यात दुपारपर्यंत भुगा. गव्हाच्या आठ पोळ्यांच्या वेळात तिच्या दोन व्हायच्या आणि पैसे किती पट ते विचारूच नका. बंद केलं ते. पण तुम्ही ज्याला पराभव म्हणता त्यातून मला एक समजलं : पोळीची नक्कल करायची नाही. पोळी नाही तर नाही.

आणि भाऊजी, तुमचा सगळा वाद 'खरं काय होतं' यावर चाललाय. स्वयंपाकघरात प्रश्न वेगळा असतो. काय टिकतं? आपल्याकडे काही वर्षांपूर्वी दीक्षित की दिवेकर यावरून घराघरांत दोन तट पडले होते ते आठवतं? दोन वेळाच जेवा म्हणणारे एकीकडे, दर दोन तासांनी थोडं खा म्हणणारे दुसरीकडे. दोन वेळांचा नियम लोकांनी उचलला, कारण तो बोटांवर मोजता येतो. 'थोडं' मोजता येत नाही. दादांना डॉक्टर किती वर्षं सांगत होते, भात थोडा कमी करा. थोडा म्हणजे किती? त्यांचा थोडा आणि माझा थोडा यात एक वाटी अंतर. शून्य भाताबद्दल भांडण होत नाही. आईंची माळ बघा ना. विठोबाची माळ घातली त्या दिवसापासून मासा नाही. कोकणात जन्मलेली बाई. समोर पापलेट तळलं तरी मान वळवत नाहीत. त्यांना कुणी विचारलं का, पुरावा काय? नियमाला पुरावा लागतो तो दुसऱ्याला सांगताना. पाळताना गोष्ट लागते. माझ्या गोष्टीत आदिमानव आहे, एवढंच.

भाऊजी : आईचं नाव तुम्ही काढलंत ते बरं केलंत, कारण तुमची गोष्ट नेमकी तिथेच अंगाशी येते. आई मासा खात नाही, अंडं खात नाही. तिच्या अंगात प्रथिनं जायची ती डाळीतून, दह्यातून, कुळथाच्या पिठीतून. तुमच्या नियमाने हे सगळं बाद. उरले बदाम, आणि तिची कवळी बदाम चावत नाही. दादाच्या ताटातून भात काढायला आधुनिक कारण आहे, याज्ञिकांचा फोटो आहे. साखर, मैदा, बिस्किटं काढायला तर कुणाचाच विरोध नाही. पण डाळ का बाद? कोणत्या तपासणीत डाळीने साखर वाढवलेली दिसली? डाळ बाद झाली ती निव्वळ गोष्टीमुळे. गोष्टीतला माणूस डाळ खात नव्हता म्हणून. तुमचा नियम आणि शास्त्राचा नियम जिथे एक होतात तिथे गोष्टीची गरज नाही. जिथे फरक पडतो तिथे गोष्ट नुकसान करते. डाळीतल्या लेक्टिन या त्रासदायक द्रव्याचं म्हणाल, तर त्यासाठीच आपण कडधान्यं भिजवतो, मोड आणतो, उकळतो. उसळ हा त्याच प्रश्नावरचा आपला जुना तोडगा आहे.

वहिनी : तपासण्यांचं म्हणता, तर स्वीडनमध्ये स्टाफान लिंडेबर्ग यांनी 2007 साली तीही केली. हृदयविकार आणि वाढलेली साखर असलेले 29 पुरुष, 12 आठवडे. अर्ध्यांना पॅलिओ, अर्ध्यांना भूमध्य सागराकडचं जेवण, ज्यात धान्य आणि कमी स्निग्धांशाचं दूध होतं. साखर सहन करण्याची ताकद पॅलिओवाल्यांची जास्त सुधारली. याच लिंडेबर्गनी पापुआ न्यू गिनीतल्या कितावा बेटावरची माणसं तपासली होती. त्यांच्यात हृदयविकार आणि पक्षाघात जवळपास सापडलाच नाही, आणि ही माणसं तंबाखू सर्रास ओढणारी! खात काय होती? कंद, रताळी, अळकुड्या, फळं, नारळ, मासे. हे तर आपलं कोकणच झालं.

भाऊजी : कोकणच. पण अश्मयुग नव्हे. कितावाचे लोक शेती करतात, कंदांची का होईना, आणि त्यांच्या जेवणात सत्तर टक्क्यांच्या आसपास कर्बोदकं आहेत. म्हणजे मघाशी ज्या 62 टक्क्यांना तुम्ही शिव्या घातल्यात त्याहून जास्त. आणि 29 पुरुषांची 12 आठवड्यांची गोष्ट सांगितलीत, तर स्वीडनमधल्याच उमेओच्या तपासणीची पण सांगा. पाळी गेलेल्या 70 लठ्ठ स्त्रिया, पूर्ण दोन वर्षं. सहा महिन्यांनी पॅलिओ गट वजनात पुढे होता. दोन वर्षांनी तो फरक पुसला गेला. रक्तातल्या ट्रायग्लिसराइड्सचा तेवढा फायदा शिल्लक राहिला.

(इथे लेखकाला मध्ये तोंड घालायची परवानगी असावी. कितावाचं उदाहरण दोघांनीही आपापल्या सोयीने वापरलं. त्यातून पॅलिओ सिद्ध होत नाही हे भाऊजींचं बरोबर. पण कर्बोदकं निर्दोष आहेत असंही त्यातून निघत नाही. कंद खणून खाणारा बेटावरचा माणूस आणि लोकलला लटकून ऑफिसात दिवसभर खुर्चीत बसणारा दादा, यांच्यात फक्त ताटाचा फरक नाही. डाळीच्या मुद्द्यावर मात्र वहिनींची बाजू लंगडी आहे, आणि ते त्यांना माहीत असावं, कारण त्यांनी त्यावर उत्तर न देता स्वीडन गाठलं.)

वहिनी : तुम्हाला वाटतं मी आईंना उपाशी ठेवते? आईंची आमटी रोज होते. छोट्या पातेलीत, वेगळी. दहीही लागतं त्यांच्यासाठी. आणि डाळीबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं, बोलून दाखवलं नाही इतकंच. पण ती छोटी पातेली काय करते ते बघा. पहिल्या आठवड्यात थोरल्याने विचारलं, आजीला चालतं तर मला का नाही? मग दादांना एकाएकी आठवलं की आपला गुरुवार असतो. आयुष्यात कधी गुरुवार पाळला नाही हो त्यांनी. हल्ली गुरुवारी मासे नकोत म्हणून आमटी, आमटीबरोबर भात हवाच, आणि भात आहे तर पापड. पुढच्या महिन्यात संकष्टी आठवली. श्रावण लागेल तेव्हा तर माझा आदिमानव महिनाभर हिमालयातच जाईल. एक पातेली आत आली की मागून अख्खी पंगत येते. म्हणून म्हणते, रेघ कुठे मारली याला महत्त्व थोडं, रेघ आहे याला जास्त.

भाऊजी : मग एक करून बघू. मूग, मसूर, कुळीथ आणि दही तेवढं परत आणा, सगळ्यांसाठी. भात, साखर, मैदा, बिस्किटं बाहेरच राहू देत. तीन महिन्यांनी दादाचा रिपोर्ट बघू. साखर होती तिथेच राहिली तर रेघ चुकीच्या जागी होती हे मान्य करायचं.

वहिनी : मान्य करीन. पण तुम्ही काय कराल ते मला आत्ताच दिसतंय. साखर चढली तर म्हणाल, दादाने ऑफिसच्या कँटीनमध्ये वडापाव खाल्ला असेल. तुम्हालाही पळवाट आहे, मलाही आहे. आणि समजा तुम्ही जिंकलात. पुराव्याने डाळ परत आली. उद्या दादा बासमतीच्या बाजूने कुठलासा शोधनिबंध छापून आणतील. पुराव्याने रेघ हलते हे एकदा घरात कळलं की जेवायच्या टेबलावर रोज खटला उभा राहील, आणि न्यायाधीश मी. तुमचा 'सगळं प्रमाणात खा' हा नियम कुठल्या घरात दोन वर्षं टिकलेला पाहिलात? उमेओचा निकाल तुम्ही माझ्यावर फेकलात, पण त्यात दुसरा गटही होता. त्याचं तरी टिकलं का?

भाऊजी : म्हणजे चुकीची आहे हे ठाऊक असूनही ती रेघ तुम्ही तशीच ठेवणार.

वहिनी : आईंच्या माळेला हा प्रश्न कधी विचारलात?

भाऊजी : नाही विचारला. कारण आईची माळ आईच्या गळ्यात आहे. ती तिने धाकटीच्या गळ्यात कधी घातली नाही. स्वतः मासा सोडला, पण तुम्हाला आणि दादाला तळून वाढला. तुमचा नियम घरातल्या सगळ्यांवर आहे, वहिनी, आणि त्यातल्या निम्म्यांना तो विचारून लावलेला नाही. साखर दादाची वाढली. डबा धाकटीचा बदलला. वाढत्या वयाच्या मुलीचं दूध-दही थांबवताना नाचणीसुद्धा धान्य म्हणून बाद केलीत. मग तिच्या हाडांना कॅल्शियम कुठून येणार, हा हिशेब त्या आदिमानवाच्या पुस्तकातून आलेला नाही, तुम्हालाच करावा लागणार.

वहिनी : दूध तिचं सुरू करते, त्याबद्दल वाद घालणार नाही. पण विचारून लावलेला नाही म्हणता, तर या घरात जेवण कधी कुणाला विचारून ठरलं? तुमच्या बाबांना दोन्ही वेळा भात लागायचा, म्हणून वीस माणसं दोन्ही वेळा भात जेवली. त्याला कुणी नियम म्हटलं नाही, लादलं असंही म्हटलं नाही. ते 'आपलं जेवण' होतं. एका पातेल्यात शिजतं तेव्हा ते कुणाच्या तरी मर्जीचं असतंच. आज ती मर्जी माझी आहे आणि तिच्यामागे निदान एक रिपोर्ट आहे.

भाऊजी : बाबांच्या वेळी ज्याला भात नको असायचा त्याला भाकरी मिळायची.

वहिनी : मिळायची. ती थापायला कोण उठायचं?

भाऊजी : आई.

वहिनी : मग आईंची ती वेगळी आमटी आता कोण करतं, तेही तुम्हाला माहीत आहे. सगळ्यांना आपापल्या पुराव्याप्रमाणे ताट मिळायचं असेल, तर चार पातेल्या लागतील. त्यातल्या किती तुम्ही घेणार ते आधी सांगा. रेघ कुठे सरकवायची त्यावर मग बोलू.